ताईसाठी सुरकुत्या

करवंदीच्या जाळ्यांनी वेढलेल्या एका डोंगराखाली खंडू आणि त्याची तानूताई राहायचे. आई नाही, बाप नाही. एक झोपडी, एक तवा आणि एकच घोंगडी. घोंगडी लहान होती. ताई ती खंडूवर घालायची आणि म्हणायची, "मला उकडतंय रे." ऐन थंडीत!

मग ताईला ताप आला. आला तो गेलाच नाही. वैद्यबुवांनी नाडी बघितली आणि काही न बोलता चपला घातल्या. खंडू त्यांच्या मागे पळाला. "बोला की काहीतरी!"

"बाळा, तिच्यापाशी बस," एवढंच ते म्हणाले.

खंडूला बसवेना. शेजारच्या काकूंना "ताईकडे बघा" म्हणाला आणि रानात धावत सुटला. रानापलीकडच्या बागेत एक परी असते आणि ती इच्छा पुरवते, असं ताईनंच त्याला सांगितलं होतं.

बाग कसली, रंगांची जत्राच! लाल, जांभळी, केशरी फुलं. प्रत्येक पाकळीवर इवलासा दवाचा थेंब, प्रत्येक थेंबात चिमुकला सूर्य. मधोमध तळं होतं आणि कमळाच्या पानावर परी बसली होती. पंख चंदेरी, झगा मोरपिशी आणि तोंडाला हिरवागार चिखल.

"परीबाई, तोंडाला काय लागलंय तुमच्या?"

"लागलं नाही, लावलंय," परी ओठ न हलवता म्हणाली. "मला हसवू नकोस. लेप तडकतो."

तिच्या शेजारी एक गुटगुटीत बेडूक चिंचोक्याएवढ्या डब्या मांडून बसला होता. "बेडूकशेठचा कोवळा लेप!" तो ओरडला. "म्हातारपण पळे, रूप उजळे!" मागं कुठलंसं फूल शिंकलं.

"माझी एक इच्छा आहे," खंडू घाईघाईनं म्हणाला.

"एकच मिळेल, आणि नियम ऐक. आयुष्य मागायचं नाही, ते माझ्या हातात नाही. आणि या बागेत खोटं बोलायचं नाही. खोटं बोललं की फुलं शिंकतात."

खंडूचं तोंड एवढंसं झालं. तो तर आयुष्यच मागायला आला होता. त्याला वाटलं, मोठ्यानं रडावं. पण परी तोवर तोंड धुऊन त्याच्याकडे वळली होती.

"आधी सांग. महिनाभर लेप लावला. मी कोवळी दिसते का?"

"अगदी कालची कळी!" बेडूक म्हणाला.

"आक्छी!" एक झेंडू शिंकला.

"तुला नाही विचारलं. तू सांग रे मुला."

खंडूनं तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि नीट बघितलं. "गाल मऊ झालेत. सायीसारखे."

"आणि सुरकुत्या?"

"त्या आहेत तिथंच आहेत."

एकही फूल शिंकलं नाही. परीचे पंख खाली झुकले.

"रोज लावावं लागतं हो!" बेडूक टुणकन उडाला. "आणखी दोन डब्या घ्या. मी नातवंडांचा आजोबा, माझ्या अंगावर आहे का एक तरी सुरकुती?"

"बेडूकशेठ, तुम्ही हा लेप लावता?" खंडूनं विचारलं.

"सकाळ-संध्याकाळ!"

"आक्छी! आक्छी! आक्छी!" अख्खी बाग शिंकली. त्या वाऱ्यानं बेडूकशेठ उडाले ते थेट तळ्यात. डुबुक्!

"मग उपायच नाही का काही?" परी रडवेली झाली.

"ताई म्हणते, उन्हात डोक्यावर पदर घ्यावा. नव्या सुरकुत्या जरा उशिरा येतील. पण आलेल्या कुठं जातात?"

"शहाणी आहे तुझी ताई."

"आहे," खंडू म्हणाला आणि त्याचा आवाज फाटला. "आणि ती मरतेय! तुम्ही सुरकुत्यांसाठी काय रडताय? तुम्हाला पडल्या तरी! माझ्या ताईला तर पडणारसुद्धा नाहीत!"

त्यानं लाथ मारली. डब्या चहूकडे उडाल्या. मग तो तसाच थांबला, एका पायावर.

"परीबाई, सुरकुत्या मागता येतात?"

"सुरकुत्या?" परीला हसू आलं. "अरे वेड्या, सगळे त्या काढून मागतात!"

"मला द्या. माझ्या ताईच्या तोंडावर भरपूर द्या. डोळ्यांपाशी हसून हसून पडलेल्या. कपाळावर माझ्यावर ओरडून पडलेल्या. हातांवर पण. वरून रंगवलेल्या नकोत, खऱ्याखुऱ्या."

परीनं छडी उचलली आणि तशीच धरून ठेवली. ती बोटांवर मोजत पुटपुटू लागली. "खऱ्या म्हणजे हसून पडलेल्या... म्हणजे तिला वर्षानुवर्षं हसावं लागणार. ओरडून पडलेल्या, म्हणजे तू मिशीवाला बाप्या होईपर्यंत ती ओरडणार... अरे लबाडा!"

"आयुष्य नाही मागितलं मी," खंडू हळूच म्हणाला.

दोघांनी फुलांकडे बघितलं. फुलं अगदी गप्प होती.

परी इतकी हसली की तिच्या डोळ्यांपाशी आणखी एक सुरकुती उमटली. "दिल्या!" ती म्हणाली. मग सोनेरी, गुलाबी, पांढराशुभ्र उजेड झाला आणि त्या उजेडात ती साखरेसारखी विरघळून गेली.

खंडू धापा टाकत घरी आला. ताई अंथरुणात उठून बसली होती. काकूंच्या हातची पेज पीत होती.

"कुठं उंडारत होतास रे मेल्या?" ती ओरडली. "तोंड बघ किती मळलंय! पाय बघ! जिवाला घोर नुसता!"

ओरडताना तिच्या कपाळावर एक बारीकशी, केसाएवढी रेघ उठली.

खंडू तिच्या पुढ्यात मांडी घालून बसला. त्या रेघेवरची नजर काही त्याला हलवेना.

"अजून ओरड ना, ताई," तो म्हणाला. "अजून."