खिडकी, छत, दार

“पण बाई, पद्धत कुणाची?”

हेमांगीने पुन्हा तेच विचारलं.

सालोमीबाई व्हरांड्यात बसून गॉजच्या घड्या घालत होत्या. पट्टी मांडीवर, कोपऱ्याला कोपरा, वरून तळहात. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठली पद्धत?”

“तुम्हाला माहीत आहे कुठली.”

“मला पुष्कळ गोष्टी माहीत आहेत. तू कशासाठी आलीस, ते तू सांग.”

“सांगतेच. सगळं सांगते. पुराव्यानिशी.”

“मग बस.” बाईंनी पायानेच एक स्टूल पुढे सरकवलं. “आणि एक कर. बोलणं संपेपर्यंत हलायचं नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे बसशील तशी बस.”

म्हातारपणाची लहर, असं मनात म्हणून हेमांगी बसली. स्टुलाची एक फळी निखळून वर आलेली होती. पण बाईंसमोर तक्रार कोण करणार?

जंगलाच्या काठावरच्या त्या धर्मादाय इस्पितळात सालोमीबाई मेट्रन होत्या. आसपासच्या तालुक्यांतल्या निम्म्या नर्सा त्यांच्या हाताखालून गेलेल्या. आता गुडघे साथ देईनात. नव्या मुलींना शिकवायचं काम त्या सोडणार होत्या, आणि ते कुणाकडे द्यायचं त्याचं नाव उद्या विश्वस्तांना सांगणार होत्या.

नावं दोनच होती. बायकांच्या वॉर्डाची हेमांगी सातपुते आणि पुरुषांच्या वॉर्डाची कुंदा मडावी.

ते काम हेमांगीला हवं होतं. इतकं हवं होतं की रोज सकाळी आरशासमोर वेणी घालताना ती मनातल्या मनात नव्या मुलींसमोर पहिला तास घेत असे.

आणि का हवं नसावं? ती स्कॉटलंडला शिकून आली होती. तिकडे नोकरी मिळत असताना ती सोडून आली होती. आली तेव्हा इथे काय चाललं होतं? झोपून असलेल्या रोग्याची पाठ लाल झाली की स्पिरिट लावायचं, पावडर टाकायची आणि खसाखसा चोळायचं. नर्सा दमेपर्यंत चोळत. रोगी बापडे दुवा देत. आणि आठवड्याभरात त्याच जागी जखम उघडी पडे.

“चोळू नका,” हेमांगीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “लाली म्हणजे खालचं मांस चेंगरलेलं असतं. चोळलं की आणखी चेंगरतं. त्यापेक्षा वेळच्या वेळी कूस बदला. आणि लालीवर बोट दाबून बघा. पांढरी होऊन परत लाल झाली, तर रक्त फिरतंय. लालच राहिली, तर आत इजा झाली.”

“कोण म्हणतं असं?” कुणीतरी विचारलं.

“पुरावा म्हणतो.”

झालं. तेव्हापासून ती दिसली की चहाच्या खोलीत कुजबुज सुरू होई. “पुरावाताई आल्या गं, स्पिरिट लपवा!”

बाई हसल्या नव्हत्या. चोळायला सगळ्यांना शिकवलं होतं ते खुद्द बाईंनीच. पण त्यांनी बायकांच्या वॉर्डात हेमांगीच्या म्हणण्याप्रमाणे करायला सांगितलं, पुरुषांच्या वॉर्डात जुनंच चालू ठेवलं, आणि रोज स्वतः एकेकाची पाठ बघत राहिल्या. एके दिवशी त्यांनी पुरुषांच्या वॉर्डातली स्पिरिटची बाटली उचलली आणि ड्रेसिंगच्या खोलीत नेऊन ठेवली.

“उभा जन्म चुकीचं चोळलं गं आपण,” एवढंच म्हणाल्या.

त्या दिवशी हेमांगीला आभाळ ठेंगणं झालं होतं.

आता स्टुलावर बसून ती म्हणाली, “बाटली हलली ती माझ्यामुळे. खरं ना?”

“खरं.”

“मग गावभर नाव कुंदाचं का?”

बाईंनी नवी पट्टी घेतली. “का बरं?”

का, ते हेमांगीला चांगलं ठाऊक होतं. तिने प्रत्येक कॉटच्या डोक्याशी घड्याळाच्या चित्रांचा तक्ता लावला होता. कुठल्या वेळी कुठली कूस, सगळं नीट रंगवलेलं. नातेवाईक तो तक्ता कौतुकाने बघत आणि त्याच्या खिळ्याला पिशवी अडकवत.

कुंदाने तक्ता बघितला, जरा वेळ डोकं खाजवलं आणि रोग्याच्या बायकोला म्हणाली, “मावशी, घड्याळ राहू द्या. सकाळचा चहा झाला की यांचं तोंड खिडकीकडे. दवाखान्याची घंटा झाली की छताकडे. भात आला की दाराकडे. चारचा चहा आला की परत खिडकी. जमंल का?”

जमलं. म्हाताऱ्यांना जमलं, पोरासोरांना जमलं. चहाला खिडकी, घंटेला छत, भाताला दार. रोगी घरी गेले आणि तिथेही खाट तशी फिरू लागली. लोक म्हणू लागले, कुंदाताईची खिडकी-दार.

मध्ये नागपूरहून एक मोठे डॉक्टर आले होते. वॉर्ड बघून खूश झाले. “कोण हो या कुंदाताई?” त्यांनी विचारलं, ते नेमकं हेमांगीलाच.

हेमांगीने कुंदाकडे बोट दाखवलं. हसलीही. म्हणजे दात दिसले, एवढंच.

तेव्हापासून भिंतीपलीकडून कुंदाच्या हसण्याचा आवाज आला की हेमांगीच्या हातातला थर्मामीटर उगाच जोरात झटकला जाई. कुंदाने केसांत माळलेलं साधं अबोलीचं फूलही तिला डिवचल्यासारखं वाटे. ही कधी एखादा शोधनिबंध वाचते का? हिला माहीत तरी आहे का, चोळायचं का नाही ते? आणि बाई तिच्याशी बोलताना हसतात. माझ्याशी बोलताना नुसत्या ऐकतात...

“बाई, तुम्हीच सांगता ना, नुसत्या नावावर जाऊ नका, पुरावा बघा म्हणून?”

“ते तू सांगतेस. मी तुझ्याकडून शिकले.”

हेमांगी क्षणभर गोंधळली. मग तिने पदराच्या गाठीत बांधल्यासारखी जपून आणलेली गोष्ट बाहेर काढली.

“मग आजचा पुरावा देते. कुंदाच्या वॉर्डातले डोमाजी. कोपऱ्यातली कॉट.”

बाईंचे हात थांबले.

डोमाजींना अर्धांगवायू झाला होता. वाचा गेलेली. एक अंग लाकडासारखं. डोळे तेवढे फिरत.

“सकाळी चहानंतर मी तिकडे कापूस आणायला गेले होते. तोंड खिडकीकडे हवं. होतं दाराकडे. म्हटलं, बघू. घंटेनंतर मुद्दाम गेले. छताकडे हवं. दाराकडेच. भाताच्या वेळी तेवढं बरोबर होतं, तेही आपोआप! आता चारचा चहा होऊन गेला. येता येता डोकावले. दाराकडेच. म्हणजे सकाळपासून कूस बदललेलीच नाही. खुब्याखाली हात सरकवला. गरम लागतंय. लाली पार कडेपर्यंत आलेली.”

“बोट दाबून बघितलंस?”

“कडच दिसत होती, बाई. दाबायला आधी वळवावं लागलं असतं.”

“हं... त्यांची सून?”

“भाताच्या रोवणीला गेलीय गावी. संध्याकाळी येईल.”

“आणि कुंदा?”

“सकाळपासून ड्रेसिंगच्या खोलीत. रोवणीच्या बायकांचा ट्रॅक्टर उलटला ना. एकेकीला टाके घालणं चाललंय. पण ही सबब नाही, बाई! तुमचाच शब्द आहे. वॉर्ड ज्याच्या हाती, कूस त्याच्या हाती.”

“आहे माझा शब्द,” बाई म्हणाल्या.

“तुझ्या वॉर्डात काय होतं आज?” बाईंनी मग सहज विचारलं.

“काही विशेष नाही. दोघींना घरी सोडलं. शांत होतं.”

“हं.”

“मला तिच्याशी वैर नाही,” हेमांगी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. “मी फक्त पुरावा देतेय. जिला आपल्या नावाची पद्धत एक दिवस सांभाळता येत नाही, ती नव्या मुलींना काय शिकवणार? उद्या विश्वस्त येतील तेव्हा तुम्ही...”

“हललीस.”

“काय?”

“आत्ता हललीस. मघाशीही हललीस. आणि त्याच्याही आधी.”

“स्टूल टोचतंय, बाई. फळी वर आलीय.”

“कुणाला विचारून हललीस?”

“त्यात विचारायचं काय? टोचलं, हलले.”

“हो.”

बाईंनी गॉजची घडी बाजूला ठेवली. त्या हेमांगीकडे बघत राहिल्या. रागाने नाही. एखाद्या रोग्याकडे बघावं तसं.

पलीकडे नळाखाली कुणीतरी भांडी घासत होतं...

हेमांगीचा हात नकळत स्टुलाच्या त्या फळीवर गेला. तिने फळी चाचपली. मग तिने बाईंकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

ती इतक्या झटक्याने उठली की स्टूल आडवं झालं.

बाई मागून आपल्या दुखऱ्या गुडघ्यांच्या चालीने पुरुषांच्या वॉर्डात पोचल्या, तोवर हेमांगी कॉटपाशी होती. डोमाजींचं तोंड दाराकडेच होतं. ती आत आली तसे त्यांचे डोळे तिच्यावर खिळले, आणि तिथून हलले नाहीत.

“आजोबा, वळवते हं. वळवते आता. जरासं...”

एकटीला वळवेना. तेवढ्यात कुंदा धावत आली. एप्रनवर रक्ताचे डाग, केसांतली अबोली सुकून लोंबकळत होती.

“अगं माय! आजोबा राह्यलेच की माझे!” तिने कपाळावर हात मारला आणि लगेच दुसऱ्या बाजूने हात घातला. “धरा ताई, मी खांदा घेते. एक, दोन... हां.”

डोमाजींचं तोंड खिडकीकडे झालं. त्यांच्या घशातून एक लांब आवाज निघाला. शब्द नव्हता तो.

“बरं झालं ताई, तुम्ही पाह्यलं,” कुंदा धापा टाकत म्हणाली. “मी त साफ विसरली. सकाळपासून डोकंच ठिकाणावर नाही. तुम्ही आल्या म्हणून, नाही त रात्रीपर्यंत तसेच राह्यले असते बिचारे. देव पावला.”

हेमांगीने खुब्यावरचा कपडा बाजूला केला.

खुब्यावर तळहाताएवढी लाली होती. हेमांगीने बोट दाबलं. थांबली. बोट उचललं.

लालच.

तिने पुन्हा दाबलं. अंमळ जास्त वेळ. उचललं.

लालच राहिली.

आणि मग काय झालं, ते तिचं तिलाच कळलं नाही. तिचा तळहात त्या लालीवर टेकला आणि पुढेमागे फिरू लागला. जोरात. सगळं पुसून टाकायचं असल्यासारखा.

बाईंनी तिचं मनगट धरलं.

“चोळायचं नाही,” त्या हळूच म्हणाल्या.

हात थांबला. हेमांगीचे डोळे भरून आले होते.

“ताई, रडू नका ना,” कुंदा गडबडून गेली. “चूक माझी हाय. मी सांगतो सुनेला. या खुब्यावर आता झोपवायचंच नाही, खिडकी आणि छत, बस. डॉक्टरांना मी आत्ता दाखवतो. होईन बरं.” आणि ड्रेसिंगच्या खोलीतून हाक आली तशी ती एप्रनला हात पुसत पळाली.

वॉर्डात चहाचे कप गोळा करण्याचा आवाज होत होता.

“उद्या...” हेमांगीने डोळे पुसले. “उद्या नाव कुणाचं सांगणार, बाई?”

“काल तुझं ठरवलं होतं.”

हेमांगीने कॉटचा दांडा धरला.

बाई वाकून चादरीची सुरकुती काढत होत्या. तीही कोपऱ्याला कोपरा, वरून तळहात.



“माझीच पद्धत होती, बाई,” हेमांगी शेवटी म्हणाली. आता त्यात प्रश्न नव्हता. ती जणू प्रथमच ते ऐकत होती. “माझीच होती...”

“हो ना,” सालोमीबाई म्हणाल्या. “म्हणून तर डोमाजी सकाळपासून दाराकडे बघत होते. तुझी वाट.”