मरळ काय खाते

"...मग हे भोईवाड्यातले लोक ऐकत का नाहीत, बाबा?"

डॉक्टर अभिरामनं चपला काढायच्या आधीच विचारलं.

दर रविवारी तो नदीकाठच्या मठीत केरोबांपाशी येऊन बसे. त्यांना गुरू मानी. केरोबा जन्मभर नाव चालवलेले भोई. म्हातारपणी लोकांनीच त्यांना बाबा केलं होतं.

"काय सांगितलंस त्यांना?"

"नदीत पारा आहे, तो माशांत उतरलाय. मासे बंद करा. पोटातल्या बाळाचा मेंदू अधू होतो, इथपर्यंत सांगितलं. तरी कुणाच्याही चुलीवरचं झाकण उचलून बघावं, तर आत मासेच."

"मग त्यांनी खायचं काय?"



तेवढ्यात पारू आली. भोईवाड्यातली सून, सातवा महिना लागलेला. तिनं बाबांपुढे ताट ठेवलं. भाकरी, कालवण, त्यात मरळीची जाड तुकडी.

"तूही हेच जेवलीस?" बाबांनी विचारलं.

"व्हय. सासूबाई मोठ्या मरळीची तुकडी माझ्यासाठी काढून ठेवतात. बाळाला ताकद येती म्हणून."

अभिरामनं कपाळाला हात लावला. "ऐकलंत? सगळ्यांत वाईट मरळच!"

"ती का?"

"बारक्या मासळीत पारा थोडा असतो. मरळ तिला खाते. रोज खाते. तो सगळा पारा मरळीत साठत जातो."

"हे त्यांना सांगितलंस?"

"इतकं खोलातलं त्यांना काय कळणार, बाबा?"

...

पारू दारातच थांबली होती.

"डागदरसाहेब, मरळ काय खाते ते आमाला कळत न्हाई?" "बारकी मासळी गळाला लावूनच धरतो की आमी तिला. येवढं एक सात महिन्यांमागं बोलला असता तर..."

पोटावर हात ठेवून ती उभी राहिली.

अभिराम उठला. त्यानं हात जोडले.

"चुकलं माझं. उद्या दवाखान्यात ये, तपासून घेऊ. आजपासून मरळ नको. बारकी मासळी खा, तीही रोज नको."

बाबांनी भाकरी तेवढी ठेवून घेतली आणि ताट पारूच्या हाती परत दिलं. "जा. वाड्यात सगळ्यांना सांग."

ती गेली.

"बाबा," अभिराम खाली बसत म्हणाला, "आज तिनं मला शिकवलं."

"पारा येतो कुठून?"

"वरच्या अंगाला कारखाना आहे ना, तिथून."

"गेला होतास तिथं?"

"दोन वर्षं अर्ज करतोय. आत जायची परवानगीच देत नाहीत."

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"पारूच्या चुलीवरचं झाकण उचललंस, तेव्हा कुणाची परवानगी घेतली होतीस?"