माळी वाकला का?

खाडीकाठच्या एका गावात एक बाहुलीवाला दरवर्षी जत्रेला येई. त्याचे नाव धाकू. तीन संध्याकाळी मिळून तो एकच खेळ करी. खेळ आवडला, तर प्रत्येक घरातून बाहुल्यांसाठी नव्या कापडाचा एक तुकडा मिळे. यंदा बाहुल्यांचे कपडे अगदी विरले होते. धाकूला त्या तुकड्यांची फार गरज होती.

पहिल्या संध्याकाळी खेळात राजाची सोन्याची समई चोरीला गेली. काय रंगला खेळ! चोर कोण? प्रधान? सेनापती? दुसऱ्या दिवशी घाटावर, बाजारात, देवळात तोच विषय. लोक दुपारपासूनच जागा धरून बसले.

दुसऱ्या संध्याकाळचा भाग संपताच सोनूआजी ओरडली, "अगं बाई, माळीच चोर! राजवाड्यात फुलं देऊन टोपली हलकी होते. मग हा येताना ताठ आणि जाताना वाकलेला कसा?"

लोकांनी टाळ्या पिटल्या. पडद्यामागे धाकूचे तोंड मात्र उतरले. "म्हातारीनं ओळखलं, तर माझी कला ती काय राहिली?" असे म्हणून त्याने रातोरात शेवट बदलला.

तिसऱ्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. लोक श्वास रोखून बसले. तेवढ्यात एक नवीच बाहुली उडी मारून आली. "मी राजाचा जुळा भाऊ! मीच चोर!"



मग नारळवाला बाबल्या म्हणाला, "हा कालपर्यंत कुठं होता रे धाकू? पेटीत?"

हशा पिकला आणि लोक उठून गेले. कापड कोणीच दिले नाही. एकट्या सोनूआजीने लाल खणाचा तुकडा पुढे केला. "हा माळ्याला. बिचाऱ्याची चोरी तू दुसऱ्यालाच दिलीस."

"आजी, तू ओळखलंस म्हणून बदललं गं."

"अरे वेड्या, तू नीट दाखवलंस म्हणून तर ओळखलं! आज सगळा गाव त्या टोपलीकडे डोळे लावून बसला होता. तू ती उघडलीच नाहीस."

पुढच्या वर्षी धाकूने तोच खेळ केला. शेवटी टोपली उलटली, समई खणखणली आणि "सांगितलं नव्हतं का!" म्हणून सारा गाव नाचला. कापडांचा ढीग पडला. त्या खेळात सगळ्या बाहुल्या जुन्याच कपड्यांत होत्या. माळी तेवढा लाल खणाची नवी बंडी घालून पकडला गेला.

तात्पर्य: आपले मर्म ओळखणारा हा आपला वैरी नसतो, सर्वांत जिवलग श्रोता असतो. त्याला चकवायला जो आपलेच खरे मोडतो, तो सर्वांनाच गमावतो.