बुरडिणीचा कोयता

फार फार मागे, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात, त्या दिवशी सकाळपासून धुकं उठतच नव्हतं. गारठा असा की कोंबडासुद्धा आरवायला कंटाळला. लहानांनो, शेकोटीजवळ सरका. मोठ्यांनो, तुम्हीही सरका. ही गोष्ट एका लोहाराची आहे.

लोहार गावच्या टोकाला एकटा राहायचा. बायको जाऊन वर्ष उलटलं होतं. दोन माणसांची चूल आता एकाची झाली होती, आणि एकाची चूल लवकर विझते.

पोलाद ओळखावं ते त्यानंच. तुकडा ऐरणीवर टाकून आवाज ऐकायचा. तोडून आतला दाणा बघायचा. दाणा जितका बारीक, तितका ह्याचा चेहरा खुलायचा. पूर्वी तो पोलादाची पट्टी मऊ लोखंडाच्या दोन पट्ट्यांत घालायचा, कानवल्यात सारण घालावं तशी. ह्यानं सांडशीत धरायचं, बायकोनं घण घालायचा. तिन्ही पट्ट्या एकजीव झाल्या की कोयता तयार.

ती गेली. पट्ट्या जोडायच्या तर धरायला आणि ठोकायला दोन माणसं लागतात. मग लोहार नुसत्या पोलादाचेच कोयते करू लागला, तेही कडकातल्या कडक पोलादाचे. लोकांना सांगायचा, "लोखंडाची भेसळ कशाला? निखळ पोलाद घ्या!"

धार अशी लागायची की केस चिरावा. पण कोयते तुटून परत यायचे. गिऱ्हाइकं दुसऱ्या गावी जाऊ लागली. शेवटी राहिली शेजारची म्हातारी बुरडीण. तिच्यासाठी त्यानं जपून ठेवलेलं सगळ्यात चांगलं पोलाद काढून कोयता घडवला. मनाशी म्हणाला, 'हाही परत आला, तर भट्टी विझवायची. कायमची.'

आणि त्या धुक्याच्या सकाळी बुरडीण आलीच. एका हातात मूठ, दुसऱ्या हातात पातं.

"घ्या भावजी. बांबूच्या पहिल्याच गाठीला मोडला."

"हात वाकडा पडला असेल तुमचा, वहिनी."

"चाळीस वर्षं बांबू फोडतेय, आजच वाकडा पडला होय? तुमच्या कोयत्याचं सोडा, तुम्हीच हल्ली असे झालाय. हात लावला की टण्णकन वाजता!"

लोहारानं पाण्याची घागर उचलली आणि भट्टीकडे वळला.

"हे काय करताय?"

"विझवतोय." त्यानं घागर तिरकी केली, पण पाणी ओतवेना. मग हळूच म्हणाला, "लोखंड वाईट नव्हतं हो, वहिनी. पट्ट्या जुळवायला घण घालणारं माणूस उरलं नाही."

बुरडिणीनं त्याच्या हातातली घागर काढून खाली ठेवली. पदर खोचला. "मधे एक कुडाची भिंत. हाक मारली असती तर जीभ झिजली असती का?"

तिनं घण उचलला. लोहारानं तीन पट्ट्या तापवून सांडशीत धरल्या. पहिला घाव पट्ट्यांवर पडलाच नाही, ऐरणीवर पडला.

"अहो, ऐरणीनं काय घोडं मारलंय तुमचं?" लोहार म्हणाला, आणि वर्षानंतर पहिल्यांदा हसला. पुढचे घाव तो हातोडीनं दाखवील तिथं पडले. मऊ, कडक, मऊ, तिन्ही पट्ट्या एक झाल्या. त्यानं तापलेलं पातं पाण्यात बुडवून त्याला पाणी दिलं, धार लावली, मूठ बसवली.

दुपारी धुकं फिटलं. अंगणात बुरडिणीनं जाडजूड बांबू उभा धरून कोयता घातला. लोहारानं डोळे मिटून घेतले. गाठ फुटल्याचा आवाज आला. दुसरी फुटली. तिसरी फुटली. त्यानं डोळे उघडले, तेव्हा बांबू दुभंगून पडला होता आणि पात्यावर ओरखडा नव्हता.

भट्टी मग विझली नाही. गेलेली गिऱ्हाइकं हळूहळू परत वळली, आणि घणाचा आवाज पुन्हा गावात ऐकू येऊ लागला.

त्या दिवशी निघताना बुरडीण दारात थांबली. कोयत्याच्या पाठीवरून बोट फिरवत त्याला म्हणाली, "पुढच्या वेळी हाक मारायला कोयता मोडायची वाट बघू नका. धार पोलादाचीच असते भावजी, पण ती टिकते शेजारच्या मऊ लोखंडामुळं."