वायसरावरची खाच

एकदा एक गुरुजी आपल्या जुन्या शिष्याच्या घरी गेले, तेही शिकवायला नव्हे, घरातली कुरबुर मिटवायला. चाळीस वर्षे त्यांनी तांत्रिक विद्यालयात मुलांच्या हाती पाना दिला होता. शिष्याचे नाव विश्राम. तो आता पंपांच्या कारखान्यात फोरमन होता. साऱ्या कारखान्याची गळती थांबवणाऱ्या या गृहस्थाच्या स्वयंपाकघरातला नळ मात्र चार महिने ठिबकत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

विश्रामने तो नळ कधी खोलून पाहिला नाही. आईला नळ नीट बंद करता येत नाही, असे त्याने ठरवूनच टाकले होते. येता-जाता तो नळ करकचून पिळायचा आणि वर आईला चार शब्द सुनावायचा. पंच्याहत्तरीच्या अनुसूयाबाई मुकाट्याने ऐकून घ्यायच्या. पुढे त्यांनी पहाटेचा चहा करणेच सोडले. परवा तर पिशवी भरली आणि धाकट्या मुलाकडे कायमची जाते म्हणाल्या. वडील गेल्यापासून विश्रामचा दिवस आईच्या हातच्या चहानेच उजाडायचा; चहा गेलाच होता, आता आईही निघाली होती.

गुरुजी आईची समजूत काढतील, या आशेने त्याने त्यांना बोलावले होते. गुरुजींनी त्याचे सगळे गाऱ्हाणे ऐकले. मग समजुतीचा एक शब्दही न काढता ते ओट्यापाशी गेले आणि अनुसूयाबाईंकडे नळाचे पेलाभर पाणी मागितले. बाईंनी नळ फिरवून पाहिला, मग पदर गुंडाळून पाहिला. संधिवाताने वाकडी झालेली बोटे लालबुंद झाली, पण नळ जागचा हलला नाही. विश्राम पुढे सरसावला, तर गुरुजींनी त्यालाच अडवले. त्याला मनातून रागच आला. म्हाताऱ्या माणसाला असे का दमवावे, हे त्याला कळेना.

"पहाटे मग काय करता, वहिनी?" गुरुजींनी विचारले.

"प्यायचं पाणी भरलेलं असतं," त्या हळूच म्हणाल्या. "पण भांडं विसळायचं म्हटलं की ह्याला उठवावं लागायचं. दमून झोपलेला असतो तो. म्हणून चहाच सोडला."

गुरुजींनी पाणी बंद करून नळ खोलला आणि आतला रबरी वायसर विश्रामच्या तळहातावर ठेवला. त्या इवल्याशा मऊ चकतीवर गोल, खोल खाच पडली होती. असे वायसर विश्रामने जन्मभर बदलले होते. ही खाच दुखऱ्या बोटांची नाही, हे त्याला सांगावे लागले नाही.

"पितळेवर पितळ कितीही दाबलं तरी पाणी अडत नाही," गुरुजी म्हणाले. "मधे हा मऊ असतो, म्हणून अडतं. नळ गळतो म्हणून तू पिळत गेलास, आणि तू पिळत गेलास म्हणून तो जास्त गळत गेला. घरही असंच कुणातरी मऊ माणसानं धरून ठेवलेलं असतं, विश्राम. आपला सगळा जोर त्याच्यावरच काढायचा नसतो."

विश्रामने नवा वायसर स्वतः बसवला. पाणी सुरू केले आणि सवयीने त्याचा हात नळाकडे गेला, पण वाटेतच थांबला.

"आई, तूच बंद कर," तो म्हणाला. "तुझ्या हाताला जमेल तेवढाच. माझं चुकलं."

अनुसूयाबाईंनी दोन बोटांनी नळ फिरवला. तिघेही तोटीकडे बघत राहिले. थेंब पडला नाही. विश्रामने दाराजवळची पिशवी उचलली आणि आत आईच्या कपाटात नेऊन ठेवली. तो परत आला तेव्हा आईने दोन बोटांनीच नळ उघडला होता, आणि पातेल्यात पाणी घेत ती गुरुजींना साखर किती घालू म्हणून विचारत होती.

आपल्या घरी काही ठिबकत असेल, तर पिळण्याआधी एकदा खोलून पाहावे.