तोंडातली सुपारी

फार पूर्वी गोदावरीच्या काठी सुवर्णपूर नगरात भद्रबल राजाचे राज्य चालू असताना बोधिसत्त्व एका ओताऱ्याच्या घरी जन्माला आला आणि पुढे राजाच्या ओतशाळेचा अधिकारी झाला. या शाळेत कांसे वितळवून समया, ताटे आणि घंटा ओतीत असत. बोधिसत्त्वाला एक खोड होती. समोरची गोष्ट तशी का, हे कळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. कोळसा बाभळीचाच का? साच्याच्या मातीत भाताचा तूसच का? कारागीर हसून म्हणत, "आपला अधिकारी जन्मला तेव्हा रडला नसेल, 'का?' म्हणाला असेल."

एका चालीचे कारण मात्र त्याने कधीच विचारले नव्हते. धातू ओतताना प्रत्येकाने तोंडात अख्खी सुपारी धरायची आणि ओत पुरा होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, असा तेथला नेम होता. बोलले की अग्निदेवता कोपते, असे जुने लोक सांगत. सगळे पाळीत, म्हणून तोही पाळी. रोजच्या उंबरठ्याकडे कोण निरखून पाहतो?

एकदा राजाने वेशीवर टांगण्यासाठी मोठी घंटा ओतायला सांगितली. तिचा नाद नदीपलीकडे पोचायला हवा होता. "घंटा साधली तर राज्यातल्या साऱ्या कर्मशाळा तुझ्या हाती देईन," असे तो बोधिसत्त्वाला म्हणाला. बोधिसत्त्वाला आनंद झाला, आणि का होऊ नये?

ओतण्याच्या दिवशी राजा स्वतः येऊन बसला. खड्ड्यात मातीचा साचा पुरलेला होता. सर्वांनी तोंडात सुपाऱ्या धरल्या. तापलेल्या मुशी उचलल्या गेल्या, लाल कांसे साच्याच्या तोंडात पडू लागले. तोच साच्याची माती मळणारी मेखला हिने सुपारी थुंकली आणि ती किंचाळली, "थांबा! साचा ओला आहे! वाफ येतेय!"

मुशी धरणारे दचकून मागे सरले. ओत अर्ध्यावर तुटला. एकदा तुटलेला ओत पुन्हा सांधत नाही. घंटा गेली, आणि तिच्याबरोबर मुहूर्तही गेला.

राजा संतापून उठला. "ओला साचा भरला तर काय होते?" त्याने विचारले.

"ओलीची वाफ होते, महाराज," बोधिसत्त्व म्हणाला, "आणि ती सगळे कांसे उसळवून आजूबाजूच्या माणसांवर फेकते."

"मग उद्या सकाळी माझ्यासमोर साचा फोडा. ओला निघाला तर हिने आपल्याला वाचवले. कोरडा निघाला तर हिने नगर सोडून जावे."

राजा गेल्यावर बोधिसत्त्वाने मेखलेला विचारले, "बाई, तू काय पाहिलेस?"

"पांढरे काहीतरी निघत होते, आर्य. आता वाटते वाफ होती की धूर, कोण जाणे." तिने हातांवरची सुकलेली माती खरवडली. मग म्हणाली, "माझा नवरा दुसऱ्या नगरात ओतारी होता. तिथे साच्यातून वाफ निघालेली त्याला दिसली होती. शेजारचा माणूस जगला, त्यानेच मला सांगितले. नवऱ्याने नुसते हात हलवले हो. तोंडात सुपारी होती ना!"

हे ऐकून बोधिसत्त्वाला लाज वाटली. जगातल्या साऱ्या गोष्टींना 'का' विचारणारा आपण, आणि हीच एक गोष्ट तोंडात धरून इतकी वर्षे मुकाट उभे राहिलो, असे त्याच्या मनात आले.

एवढ्यात कालक नावाचा म्हातारा ओतारी जवळ आला. सुपारीच्या नेमाचा तो मोठा अभिमानी होता, पण मनाने वाईट नव्हता. तो हळूच म्हणाला, "आर्य, साच्याचा वरचा भाग रिकामाच आहे. पहाटे तिथे चार ओंजळी पाणी जिरवू. राजाला काय कळतेय? बाईही वाचेल, तुमचे ठरलेले पदही हुकणार नाही."

बोधिसत्त्वाला हा मोह झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. खोट्याने दोघांचे भले होत होते आणि कोणाचे काही बिघडत नव्हते. तरी तो म्हणाला, "कालका, तुझी दया खरी आहे. पण नसलेली ओल आज दाखवली, तर असलेली ओल उद्या आपली आपल्याला तरी दिसेल का?"

सकाळी सगळे नगर ओतशाळेशी लोटले. ओल निघते की नाही, यावर लोकांनी पैजाही लावल्या होत्या. साचा फोडला. वरच्या भागातली खापरी खणखणीत वाजली. माती आतून बाहेरून कोरडी ठाक होती. मेखलेने डोळे मिटले.

सगळे उठले, पण बोधिसत्त्व खापऱ्या उलटसुलट करीत बसूनच राहिला. पांढरे काहीतरी निघाले होते तर ते आले कुठून? शेवटी साच्यातल्या हवा जाण्याच्या एका नळीत त्याला मेणाचा जळका थर सापडला. मेणाच्या घंटेवर माती लिंपून साचा करीत आणि तो भाजताना मेण वितळून बाहेर पडे; या वेळी थोडे मेण आत राहिले होते आणि ते धुरावले होते. त्यापासून कसलाच धोका नव्हता.

"महाराज, साचा कोरडा होता," तो म्हणाला. "बाईने मेणाचा धूर पाहिला आणि तिला ती वाफ वाटली. ती चुकली."

"तर मग तिने जावे."

"ती गेली तर बाकीचे काय शिकतील, एवढेच मला विचारायचे आहे. पुढच्या वेळी ज्याला खरी वाफ दिसेल, तो आधी मेखलेला आठवेल आणि सुपारी आणखी घट्ट धरील. शाळा माझ्या हाताखाली आहे. घंटा गेली ती माझ्या खाती मांडा. तिला राहू द्या."

राजाला हे मुळीच रुचले नाही. "ठीक," तो म्हणाला. "कर्मशाळांचे पद दुसऱ्याला देतो. तू पुन्हा घंटा ओत. ती बिघडली तर तुम्ही दोघांनीही नगर सोडायचे."

बोधिसत्त्वाने मान लववली. दुसऱ्या साच्याचे काम सुरू झाले, तेव्हा त्याने सुपाऱ्यांचे तबक उचलून फडताळात ठेवले. कारागीर कुरकुरले. कालक तर उघडच म्हणाला, "अग्निदेवता कोपेल, आर्य!"

"साच्याला सर्वांत जवळ मी उभा राहीन," बोधिसत्त्व म्हणाला. "कोपली तर आधी माझ्यावर कोपेल. पण ज्याला शंका येईल त्याने ओरडावे. शंका खोटी निघाली तरी त्याला कोणी बोल लावणार नाही."

ओतण्याचा दिवस आला. राजाही आला, आणि या वेळी कुतूहलाने तो खड्ड्याच्या अगदी काठाशी जाऊन उभा राहिला. मुशी उचलल्या. कांसे कलणार, इतक्यात कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडले, "थांबा!"

सर्वांनी वळून पाहिले. ओरडला होता कालक. म्हातारा खड्ड्याकडे बोट दाखवीत होता. साच्याच्या बुडाशी माती काळवंडली होती. मुशी मागे घेतल्या आणि कुदळीने थोडे उकरले. नदीचे पाणी जमिनीखालून झिरपत खड्ड्यात आले होते. साच्याचा तळ लोण्यासारखा मऊ झाला होता.

राजाने आपल्या पायांखालच्या काठाकडे पाहिले. त्याचा चेहरा उतरला.

"तुला बोलावेसे कसे वाटले?" त्याने कालकाला विचारले.

"वाटत नव्हतेच, महाराज," म्हातारा म्हणाला. "म्हटले, माझे डोळे म्हातारे, सावली असेल. हसे होईल. मग मेखला समोर दिसली. चूक होऊनही ती इथेच उभी होती. ती नसती, तर मी मूग गिळून उभा राहिलो असतो, आणि तुम्ही..."

नवा खड्डा उंचावर खणला, नवा साचा भाजला, आणि घंटा साधली. तिचा नाद नदीपलीकडच्या शेतांत ऐकू गेला. राजाने बोधिसत्त्वाला बोलावून म्हटले, "ठरलेले पद आता तुलाच देतो. आणखी काय हवे ते माग."

बोधिसत्त्व म्हणाला, "पद ज्याला दिले त्याच्याकडेच असू द्या. मला फक्त एक कुतूहल आहे, महाराज. आपल्या दरबारात किती जणांच्या तोंडात सुपारी आहे?"

दुसऱ्या दिवशी राजा दरबारात सिंहासनावर न बसता खाली बसला आणि म्हणाला, "माझे काय चुकते आहे, ते सांगा." बराच वेळ कोणी तोंड उघडले नाही. मग मागच्या रांगेतून एक बिचकता आवाज आला, आणि राजाने तो शेवटपर्यंत ऐकला.

ही कथा शास्त्याने, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या बोधिसत्त्वाने, विहारात सांगितली. त्या दिवशी उपोसथाच्या, म्हणजे पौर्णिमेच्या व्रताच्या, सभेत एका नव्या भिक्खूने 'तुळई मोडतेय!' असा ओरडा केला होता. तुळई धड निघाली, आणि या भिक्खूला सभेत बसू देऊ नये, असे एका वृद्ध स्थविराने सुचवले होते.

कथा संपवून शास्ता म्हणाला, "भिक्खूंनो, त्या वेळची मेखला म्हणजे आज ओरडलेला हा भिक्खू. भद्रबल राजा म्हणजे ही तुळई दान देणारा गृहपती. ओतशाळेचा अधिकारी मीच होतो. आणि कालक ओतारी, तो म्हणजे याला बाहेर ठेवा म्हणणारे आपले हे स्थविर."

वृद्ध स्थविर उठले आणि त्यांनी नव्या भिक्खूसाठी आपल्या शेजारी आसन घातले. खरे सांगणे ही सत्यपारमिता होय. दुसऱ्याला चुकण्याची भीती न बाळगता बोलू देणे, हे अभयदान होय.