बूड पाण्यात

“मग फुटलं कसं, उस्ताद?”

सर्जेरावानं काडतुसाची रिकामी पितळी नळी इमामसाहेबांपुढे टाकली. गळ्यापाशी केसाएवढी चीर गेली होती.

इमामसाहेब शिकलगार हे संस्थानाच्या शिकारखान्यातले जुने उस्ताद. उडवलेल्या नळ्या साफ करून ते पुन्हा भरून देत. आता संस्थानाचा शिकारी झालेल्या सर्जेरावाला बंदूक धरायला त्यांनीच शिकवलं होतं.

“दर बाराला पितळ फुगतं. आपण ते परत आवळतो. फुगतं, आवळतो... त्यानं कडक होतं. कडक झालं की फुटतं.”

“माझं उलट आहे बघा.” सर्जेराव हसला. रात्रभर मचाणावर बसून त्याचे डोळे तारवटले होते. “पहिल्या शिकारीला लटपटत होतो. आता काही म्हणजे काही होत नाही. तुम्हीच म्हणायचात ना, हात दगडासारखा हवा?”

“हात म्हणालो होतो.”

...

बाहेर पायरीवर कुणीतरी खोकलं.

“दारात कोण बसलंय?”

“भिवा. पलीकडच्या वाडीचा. काल बिबट्यानं त्याची बायको मारली. प्रेत मागतोय.”

“मग?”

“रात्री जनावर फिरकलं नाही. आज सांजेला प्रेतापाशी परत येणार. प्रेत हलवलं तर उद्या दुसऱ्या कुणाचं घर बसेल.”

“खरं आहे. त्याला सांगितलं कुणी?”

“शिपायाकरवी कळवलं. तो रडायला लागला. म्हटलं, ओढ्यापलीकडे नेऊन बसवा, आवाजानं जनावर बुजतं. तर इथवर मागोमाग आला.”

उस्तादांनी नळ्यांची टोपली पुढे सरकवली.

“तापवून मऊ करून दे. मग भरतो.”

सर्जेरावाला घाई होती. त्यानं एक नळी चिमट्यात धरली आणि सबंध शेगडीत खुपसली. लालबुंद झाली तशी काढून फरशीवर ठेवली.

“घ्या. झाली मऊ.”

ती निवेपर्यंत उस्ताद थांबले. मग चिमट्यानं जरा दाबली. नळीच्या पोटात खळगा पडला.

“ही उडवलीस तर बूड फाटून जाळ तुझ्याच तोंडावर येईल.”

“तुम्हीच म्हणालात, मऊ कर!”

“सगळी कुठं म्हणालो, राव?”

त्यांनी परातीत पाणी ओतलं. चांगल्या नळ्या त्यात उभ्या केल्या, निम्म्या पाण्यात, निम्म्या वर. रंग नीट दिसावा म्हणून खिडकी लोटून घेतली. खोलीत अंधार झाला. मग दिवा आणि फुंकणी सर्जेरावाच्या हातात दिली.

“गळ्यापुरता जाळ दे. बूड पाण्यात असलं की कडकच राहतं. रंग पालटला की आडवी पाड.”

सर्जेराव फुंकू लागला. ज्योत लांबली, गळ्याला चाटून गेली. पितळावर निळसर झाक चढली. त्यानं काडीनं नळी पाडली. पाणी चुरचुरलं.

दुसरी. तिसरी.

बोलायला तोंड मोकळं नव्हतं. दम लागत होता. पायरीवरचा खोकला मधूनच ऐकू येत होता.

कितव्यातरी नळीला ज्योत हलली. सर्जेरावानं फुंकणी खाली ठेवली.

“उस्ताद...”

“हं.”

“मचाणावरून तिचे पाय दिसत होते. बोटांत जोडवी होती. मी बघितली... आणि मनात काय आलं, तर चांदणं पडलं तर नेम बरा लागेल. एवढंच.”

...

“वर्षाभरापूर्वी माझं असं झालं नसतं.”

उस्तादांनी एक नळी पाण्यातून काढून सदऱ्याला पुसली. गळ्यावरून बोट फिरवलं आणि बाजूला ठेवली.

सर्जेराव उठला. “मी त्याला प्रेत नेऊ देतो.”

“आणि वाडी?”

तो तसाच उभा राहिला. खांदे उतरले होते.

“मग करू काय? दमलो मी, उस्ताद. नेऊ दिलं तरी पाप, नाही दिलं तरी पाप.”

इमामसाहेबांनी कोपऱ्यातला पाण्याचा तांब्या उचलून त्याच्या हातात दिला.

“सकाळपासून बसलाय तो. शिपायाला पाठवू नकोस, तूच जा.”

सर्जेराव तांब्या घेऊन निघाला. पाणी हिंदकळून पायावर सांडलं. उंबऱ्याशी तो थबकला.

“त्यानं पाया पडून प्रेत मागितलं तर?”

उस्ताद पुढची नळी परातीत उभी करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बूड पाण्यातच राहू दे.”